चार नंबरचं होल्स्टर

आधीच सांगून टाकतो, खरं पिस्तूल मी आयुष्यात हातात धरलेलं नाही. मूर्तिजापूरच्या जत्रेत एकदा फुगे फोडायची बंदूक धरली होती, तर दुसऱ्याच छऱ्याला फुगेवाल्यानं ती काढून घेतली आणि मला आकाशपाळण्याकडे जायला सांगितलं. तरीसुद्धा शहाण्णव साली बहारीनमध्ये मी दोन महिने कमरेला, काखेत, पाठीमागे, एवढंच काय घोट्यालासुद्धा पिस्तूल बांधून हिंडलो आहे. पिस्तूल ठेवायचं म्यान, म्हणजे होल्स्टर, माणसाला कुठं टोचतं, कुठं घासतं आणि खुर्चीत बसल्यावर कुठं रुततं, ह्या विषयावर मी एकोणीस पानांचा इंग्रजी अहवाल लिहिला आहे. असा दुसरा विद्वान अख्ख्या अकोला जिल्ह्यात असेल तर दाखवा.

मी समाधान तायडे. बहारीनच्या अदलिया भागात एका ट्रेडिंग कंपनीत टेक्निकल क्लार्क होतो. आम्ही कारखान्यांना सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे, गणवेश असलं सामान पुरवायचो. ऑफिस एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर, गोदाम मआमीरला. मॅनेजर लतीफभाई, मूळचे दापोलीचे, बहारीनमध्ये पंचवीस वर्षं काढलेले. मालक बहारीनी, त्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. ते दर शनिवारी येत, कॉफी घेत, दोन सह्या करत आणि जात.

तर त्या साली एका सरकारी खात्याकडून मोठी चौकशी आली. खात्याचं नाव कुठं घ्यायचं नाही असं लतीफभाईंनी बजावलं होतं, म्हणून अजूनही घेत नाही. त्यांना दोन तऱ्हेची होल्स्टरं हवी होती. एक, वाळवंटात उघड्यावर काम करणाऱ्या गणवेशातल्या माणसांसाठी. दुसरं, शहरात साध्या कपड्यात हिंडणाऱ्यांसाठी, म्हणजे पिस्तूल जवळ आहे हे शेजारी बसलेल्यालाही कळता कामा नये. आणि अट अशी, की पुरवठादारानं माल आधी कुणाच्या तरी अंगावर वापरून बघावा आणि किती आरामशीर आहे त्याचा अहवाल जोडावा.

लतीफभाईंच्या मणक्यात गॅप होती. ड्रायव्हर लोकांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. लतीफभाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, तायडे, तुझा बांधा अगदी सर्वसाधारण आहे, तूच बरा. मी मूर्ख, मला ते कौतुक वाटलं.

पण मी हे काम छातीशी धरलं ते कौतुकासाठी नाही. पुढच्या शनिवारी अरबाबांनी मला आत बोलावून सांगितलं, की दोन्ही होल्स्टरांची ऑर्डर आपल्याला मिळाली तर तुला टेक्निकल ऑफिसर करतो. ऑफिसर झालं की फॅमिली स्टेटस. फॅमिली स्टेटस म्हणजे बायकोमुलाचा व्हिसा. सहा वर्षं मी गुदैबियातल्या एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होतो. निघालो तेव्हा मुलगा उज्ज्वल तीन वर्षांचा होता आणि स्टेशनवर माझ्या बॅगेवर बसून होता. आता तो नऊ वर्षांचा झाला होता, फोनवर मला "कसे आहात तुम्ही" असं विचारायचा, पाहुण्याला विचारतात तसं. ते ऐकलं की दोन दिवस जेवण जात नसे.

म्हणून अरबाबांच्या केबिनमधून बाहेर आलो तो तडक कामाला लागलो. आधी होल्स्टरच्या नाही, घराच्या. बुदैयाला हायवेच्या आत, खजुराच्या बागेला लागून दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला. इंडियन स्कूलची बस कुठल्या वळणावर थांबते ते बघून आलो. उज्ज्वलचा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, बायकोनं, अरुणानं, दुपारी कुठं पडायचं, सगळं ठरवलं आणि सगळं पत्रात लिहून पाठवलं. फ्लॅटचा नकाशासुद्धा काढला, पट्टीनं.

मग होल्स्टरं. अमेरिकेतून आणि इटलीहून सात नमुने आले, त्यांना मी एक ते सात नंबर दिले. पण त्यात घालायला पिस्तूल कुठून आणायचं? रबराचं खोटं पिस्तूल मागवायलाही परवानगी लागत होती. शेवटी कॅटलॉगात खऱ्या मापाचं चित्र होतं, ते कापून मआमीरच्या गोदामातल्या सुताराला दिलं. त्यानं सागवानी पिस्तूल करून दिलं, वजनासाठी आत मासे धरायच्या जाळ्याचं शिसं ओतलं आणि हौसेनं वर पॉलिशही मारलं. लतीफभाईंचा नियम एकच होता, हे लाकूड फाटकाबाहेर न्यायचं नाही. त्या वर्षी रस्त्यावर पोलीस जागोजाग गाड्या थांबवून बघत, आणि सागवान की पोलाद हे लांबून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार लवकर पटलं.

काखेत लटकवायचं होल्स्टर पहिल्या दिवशी घातलं. आरशात बघितलं तर मी दप्तर पोटाशी अडकवलेल्या तिसरीतल्या पोरासारखा दिसत होतो. घामानं पट्टे ओले व्हायचे आणि संध्याकाळी खांद्यावर लाल वळ उठायचे. घोट्याचं त्याहून वाईट. दोन दिवस मी लंगडत चाललो आणि तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला गुडघ्याचं तेल आणून दिलं. मी ते घेतलं, कारण खरं कारण सांगणं त्याहून लाजिरवाणं होतं.

पाठीच्या मधोमध लावायचंही एक होतं. ते लावून मी ऑफिसच्या खुर्चीत टेकलो आणि लगेच उठलो. दिवसभर पुढं सरकून बसलो होतो, बोहल्यावर बसल्यासारखा ताठ. लतीफभाईंना वाटलं मला मूळव्याध झाली, त्यांनी बिचाऱ्यांनी जेवणात तिखट कमी करायला सांगितलं.

वाळवंटात काम करणाऱ्यांचं होल्स्टर तपासायला आम्ही दोघं पिकअप घेऊन साखीरकडे गेलो. पिस्तूल फाटकाबाहेर न्यायचं नाही, म्हणून मी होल्स्टरमध्ये तेवढ्याच वजनाची तांदळाची पुरचुंडी बांधली होती. लतीफभाई गाडीत एसी लावून बसले आणि काचेतून हातवारे करत मला पळ, बस, ओणवा हो, झोप, असं सांगत राहिले. मी पळालो. तिसऱ्या फेरीला पुरचुंडी सुटली आणि मी तांदूळ सांडत पळतोय हे मला कळायच्या आत निम्मा वाळवंटात पेरून झाला. तांदूळ गेला, पण कामाचं एक कळलं. कातड्याच्या म्यानात वाळू गेली की ती आतच बसते, आणि नायलॉनचं झाकणवालं म्यान उलटं करून झटकलं की मोकळं. दोन नंबरचं होल्स्टर तिथंच पास झालं. तेवढं एक काम मी सरळ केलं, ते लक्षात असू द्या.

मग चार नंबर. हे माझं लाडकं. पातळ कातड्याचं, पँटच्या आतल्या बाजूला घालायचं आणि वर एक चिमटा, तो कमरेच्या पट्ट्यावर बसवायचा. पिस्तूल पँटीच्या आत, वरून शर्ट मोकळा सोडला की कुणाच्या बापाला कळत नाही. अट एकच, पँट दोन इंच ढगळ हवी. मी नवी पँट शिवून घेतली. पहिले चार दिवस मांडीच्या वर चट्टा उठला, मग होल्स्टर जरा मागं सरकवलं, आत बनियन खोचली, आणि पाचव्या दिवशी दुपारी मला आठवेना की मी ते घातलंय की नाही. सेफ्टी शूज घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकासमोर मी खालच्या कप्प्यातली फाइल काढायला वाकलो, शर्ट वर गेला आणि त्याला सागवानी मूठ दिसली. तो माणूस घासाघीस सोडून मला "सर, सर" म्हणायला लागला. मला ती गोष्ट आवडली, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी कारण नसताना आणखी दोनदा वाकलो.

अहवाल लिहायला आठवडा लागला. आरामाला दहापैकी गुण, घामाला गुण, गाडीत चढण्या-उतरण्याला गुण. बसल्यावर पोटाचा भार होल्स्टरवर कसा येतो ते दाखवायला माझ्या पोटाचे बाजूनं काढलेले सहा फोटो जोडले, चेहरा कापून. म्हणजे माझा चेहरा नाही, पण माझं पोट एका परक्या देशाच्या सरकारी फायलीत आहे. शनिवारी अरबाबांनी पानं उलटली, फोटो बघून मिशीत हसले आणि सही केली. मी त्यांच्यासमोर उभा होतो, हातभर अंतरावर. ते लक्षात ठेवा, कारण मी नाही ठेवलं.

नोव्हेंबरात खात्याचे तिघं आमच्या ऑफिसात आले. मी सकाळी नवी पँट, पॉलिशचे बूट आणि कमरेला चार नंबर लावून तयार होतो. दोघं गणवेशात होते. त्यांनी दोन नंबर उलटंपालटं करून बघितलं, वाळूचा किस्सा ऐकला आणि मान डोलावली. माझी छाती फुगली. मग मी त्यांच्या कॅप्टनकडे वळलो. शहरात साध्या कपड्यात हिंडणारी माणसं त्यांच्या हाताखाली होती.

मी शर्ट उचलून चार नंबर दाखवलं, बसून दाखवलं, वाकून दाखवलं, पिस्तूल काढून परत ठेवलं. कॅप्टननी सगळं शांतपणे बघितलं. मग ते उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "छान आहे. पण हे मी कुठे लावू?"

मी त्यांच्या कमरेकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. पट्टा नव्हता, पँट नव्हती, मोकळा सोडायला शर्ट नव्हता. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, कडक इस्त्रीचा पांढरा थोब होता. शहरातला निम्मा बहारीन घालतो तो. आमचे अरबाब घालतात तो. मी सहा वर्षं रोज उठून बघत आलो होतो तो.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, सर, थोब असा वर घेतला की झालं. आणि नुसतं म्हणून थांबलो नाही, दोन्ही हातांनी हवेतला थोब धरून पार कमरेपर्यंत वर घेऊन दाखवला. गणवेशातले दोघं छताकडे बघायला लागले. लतीफभाईंनी डोळे मिटून घेतले.

"मजलिसच्या बैठकीत?" कॅप्टन म्हणाले. "वडीलधाऱ्यांसमोर?"

ते चिडले नाहीत, ते जास्त झोंबलं. त्यांनी बसून उरलेली कॉफी संपवली, आता पुरे म्हणून रिकामी पेली हलवून दाखवली आणि सगळ्यांशी हात मिळवून गेले. माझ्या इज्जतीचा फालुदा झाला होता आणि कमरेला अजून सागवानी पिस्तूल तसंच होतं.

लतीफभाई मला ओरडतील असं वाटलं होतं. ते डोकं धरून बसले. म्हणाले, दर शुक्रवारी नमाजाला मी थोब घालून जातो, खिशात किल्ल्या ठेवतो, तरी माझ्याही डोक्यात आलं नाही. त्यांचं मी समजू शकतो. त्यांच्यासाठी थोब हा नमाजाचा कपडा, त्याचा पिस्तुलाशी काय संबंध? पण माझं काय? त्यावर मी पुष्कळ विचार केला. आमच्या वस्तीत भिंतीवर बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो, आणि त्याखाली माझ्या वडिलांची एकच आज्ञा, शर्ट खोचल्याशिवाय आणि पट्टा लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. वडील नगरपालिकेत शिपाई होते, रिटायर होईपर्यंत त्यांच्या पँटीची इस्त्री मोडली नाही. तेव्हा आमच्या लेखी साहेब म्हणजे पट्टा. कुणी मला साहेबासाठी वस्तू निवड म्हटलं, की मी पट्ट्यापासूनच सुरुवात करणार. ज्या पट्ट्यानं मला माणसात आणलं, तो जगात दुसऱ्या साहेबांना लागतच नसेल असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आणि त्यांना एक फोन करून विचारावं, हेही नाही. एकोणीस पानं लिहिली, पण प्रश्न एक नाही.

पंधरा दिवसांनी निकाल आला. दोन नंबरची ऑर्डर आम्हाला, शहरातल्या होल्स्टरची दुसऱ्या एका कंपनीला. त्या कंपनीनं म्हणे काहीच तपासलं नव्हतं. त्यांनी आधी एक शिंपी खात्यात पाठवला आणि त्याला एवढंच विचारायला सांगितलं, की तुम्ही आत काय घालता आणि हात कुठून घालता. शिंप्यानं थोबाच्या बाजूच्या खिशाला आतून चीर दिली आणि आतल्या सुरवारीवर बांधायचा कापडी पट्टा शिवला. खलास. तीन दिवसांचं काम.

अरबाब म्हणाले, अर्ध्या ऑर्डरवर ऑफिसरची पोस्ट काढता येत नाही, पुढच्या वर्षी इंशाल्ला. मी "थँक्यू सर" म्हणालो. खाली येऊन जिन्यात बसलो आणि रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला माझा फोन असायचा. तिकडे साडेसात वाजलेले असत आणि अरुणा शाळेतल्या पोरांच्या तपासायच्या वह्या घेऊन शेजारच्या शेवंतीकाकूंच्या फोनपाशी येऊन थांबायची. त्या दिवशी मी कार्ड घेऊन बूथपाशी गेलो, दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा नंबर लावला. जय भीम झाला, उज्ज्वलला ताप आला होता तो उतरला हे कळलं. मग व्हिसाचं जमलं नाही हे एकदम सांगायची हिंमत होईना, म्हणून मी तिला हसवायला सगळा किस्सा सांगितला. तांदूळ, गुडघ्याचं तेल, पोटाचे फोटो आणि हवेतला थोब. ती हसली, पार दम लागेपर्यंत हसली. मागे शेवंतीकाकू काहून हसते म्हणून विचारत होत्या. मलाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात मी सांगून टाकलं की ऑफिसरची पोस्ट गेली, म्हणजे तुमचं येणंही गेलं.

तिकडचं हसू थांबलं.

"ज्यांना घालायचं होतं त्यांना आधी विचारलंच नाही तुम्ही?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, नाही ना, तिथंच चुकलं.

"मला जूनपासून शाळेत मुख्याध्यापकाचा चार्ज दिलाय," ती म्हणाली.

जून. आता डिसेंबर चालू होता. सहा महिन्यांत किमान वीस फोन आणि दहा पत्रं झाली असतील. मला आधी राग आला. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, एवढी मोठी गोष्ट, सांगितली काहून नाही?

"तुमच्या पत्रात प्रश्नच नसतो. सगळं ठरलेलंच असतं. पलंग कुठं, बस कुठं थांबते, मी दुपारी कुठं झोपू. त्याला उत्तर काय लिहू?"

बूथच्या काचेवर कुणीतरी टकटक केली, मी त्याला हातानं थांब म्हटलं. कार्डावरचे आकडे उतरत होते. सहा वर्षांत मी तिला काय हवं ते विचारलं होतं, पण ते साबण, पावडर, उज्ज्वलचे बूट, एवढंच. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, की अरुणा, तुला इकडे यायचं होतं का?

"नाही," ती म्हणाली. लगेच म्हणाली, विचारही करावा लागला नाही तिला. मग म्हणाली, "पण पोस्ट मिळाली असती तर मी आले असते. चार्ज सोडून आले असते. आणि काही बोलले नसते."